बियाण्यातलं जनुक, क्यूआर कोड आणि संगणकातला संगणक: पेटंट नेमकं कशावर मिळतं?

‘अमुक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना पेटंट’ अशी बातमी स्थानिक पानांवर वरचेवर दिसते. सोबत प्रमाणपत्र हातात धरलेला फोटो असतो. बातमी नीट वाचली की अनेकदा लक्षात येतं, पेटंट मिळालेलंच नाही. पेटंटचा अर्ज ‘प्रकाशित’ झाला आहे. अर्ज केल्यावर अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालय तो सगळ्यांना वाचायला खुला करतं. ही ठरलेली पायरी आहे. तोवर कुणी तो अर्ज तपासलेलाही नसतो. काही वेळा ते प्रमाणपत्र डिझाइन नोंदणीचं असतं, म्हणजे वस्तू दिसते कशी एवढ्यापुरतंच संरक्षण. ती वस्तू चालते कशी याच्याशी त्याचा संबंध नसतो.

दुसऱ्या बाजूला तितक्याच ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी असतात. परदेशी कंपन्यांनी आपल्या बियाण्याचं पेटंट घेतलं. सॉफ्टवेअरला भारतात पेटंट मिळतच नाही. या दोन्हींत थोडं खरं आहे आणि बरंच सुटलेलं आहे. जैवतंत्रज्ञान, पैशांचे डिजिटल व्यवहार आणि ज्यावर आजचं सगळं क्लाउड उभं आहे ते ‘व्हर्च्युअलायझेशन’, या तीन क्षेत्रांत पेटंटचे सर्वात कडवे वाद झाले. कारण ‘हे माणसाने बनवलं’ आणि ‘हे आधीपासूनच होतं’ यांच्यातली रेघ इथे सर्वात पुसट आहे.

## सौदा काय आहे

पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. तुझा शोध कसा चालतो ते सगळं लिहून दे, त्याच क्षेत्रातला दुसरा जाणकार वाचून ते करू शकेल इतकं स्पष्ट लिहून दे. त्या बदल्यात वीस वर्षं तुझ्या परवानगीशिवाय कुणालाही तो शोध बनवता, वापरता किंवा विकता येणार नाही. ही वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तपासणीत पाच-सात वर्षं गेली तर तेवढी हातातली कमी होतात. पेटंट टिकवायला दर वर्षीची फी भरावी लागते. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा.

पेटंट देशापुरतं असतं. ‘जागतिक पेटंट’ अशी चीज अस्तित्वात नाही. अमेरिकेत मिळालेलं पेटंट नाशिकमधल्या कारखान्याला बांधत नाही. शिवाय पेटंट हा दुसऱ्याला रोखण्याचा हक्क आहे, स्वतः वापरण्याचा परवाना नाही. नव्या औषधाचं पेटंट हातात असलं तरी ते विकायला औषध नियंत्रकाची परवानगी वेगळी लागते.

अर्ज मंजूर व्हायला तीन चाळण्या आहेत. गोष्ट जगात कुठेही आधी उघड झालेली नसावी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी आणि उद्योगात तिचा उपयोग व्हावा. पहिली चाळणी फार कडक असते. प्रदर्शनात दाखवलं, शोधनिबंध छापला, व्हिडिओ टाकला आणि मग अर्ज केला, की बहुतेक वेळा नावीन्य गेलेलं असतं. आधी अर्ज करावा, सभा-भाषणं नंतर. तयारी अपुरी असेल तर तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

या तीन चाळण्यांच्या पुढे भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात कलम ३ आहे. कशाला ‘शोध’ मानायचंच नाही त्याची ती यादी आहे. पुढे हे कलम वारंवार येईल.

## हळदीचा खटला आणि छापील पुरावा

मार्च १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट मिळालं. कापलं की हळद दाबायची हे आपल्याकडे मुलांनाही माहीत. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशात लोक एखादी गोष्ट वापरतात एवढ्याने नावीन्य जात नसे; छापील पुरावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या केंद्रीय संशोधन संस्थेचे महासंचालक होते. सीएसआयआरने १९९६मध्ये आव्हान दिलं आणि बत्तीस छापील संदर्भ पुढे ठेवले. त्यात संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा एक निबंधही होता. १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं.

या लढाईचं कौतुक पुष्कळ होतं आणि ते योग्यच आहे. मला त्यातला दुसरा धडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान होतं, पण पेटंट तपासणाऱ्याच्या टेबलावर ते नव्हतं. पुढे २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू झाला तो याच कारणाने. जगभरच्या तपासनिसांना शोधल्यावर सापडावं, म्हणून आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतल्या नोंदी त्यांच्या भाषांत आणि त्यांच्या वर्गवारीत मांडल्या गेल्या.

## दावे म्हणजे चतुःसीमा

जमिनीचं खरेदीखत आठवा. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याची विहीर. वाद झाला की न्यायालय मालकाच्या मनात काय होतं ते विचारत नाही, चतुःसीमा वाचतं. पेटंटचंही असंच. कागदपत्रं पन्नास पानांची असली तरी हक्क फक्त शेवटच्या क्रमांक घातलेल्या परिच्छेदांवर असतो. त्यांना ‘दावे’ म्हणतात. हद्द फार मोठी आखली तर ती दुसऱ्याच्या किंवा गावाच्या जागेत जाते आणि दावा रद्द होतो. फार आखूड आखली तर शेजारून वाट काढणारा मोकळा सुटतो.

‘अमुक कंपनीने तमुक गोष्टीचं पेटंट घेतलं’ असं वाक्य कानावर आलं की पहिला प्रश्न दाव्यांत काय लिहिलंय हा असावा. इथून पुढची तिन्ही प्रकरणं या एकाच प्रश्नाची आहेत.

## जिवंत गोष्टीची हद्द कुठे आखायची?

बंगालमधल्या सैंथियाचे आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत होते. कच्च्या तेलातले वेगवेगळे घटक पचवण्याची ताकद वेगवेगळ्या जिवाणूंत असते. चक्रवर्तींनी ती एकाच जिवाणूत आणली. समुद्रात सांडलेलं तेल साफ करायला असा जिवाणू उपयोगी पडेल, हा हेतू. १९७२मध्ये अर्ज केला. पेटंट कार्यालयाने बनवण्याची पद्धत मान्य केली, पण जिवाणूवरचा दावा नाकारला: सजीवाला पेटंट नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८०मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. वस्तू जिवंत आहे की निर्जीव हा मुद्दा नाही, ती निसर्गाची आहे की माणसाने बनवलेली हा आहे, असं न्यायालय म्हणालं. आजचा जैवतंत्रज्ञान उद्योग या निकालावर उभा राहिला.

त्याच न्यायालयाने २०१३मध्ये याच कसोटीची दुसरी बाजू दाखवली. मिरियड या कंपनीने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकं शोधून त्यांवर पेटंट घेतलं होतं. त्यामुळे अमेरिकेत त्या जनुकांची चाचणी जवळजवळ तिच्याच हातात राहिली. सर्व न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की शरीरातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून तो शोध ठरत नाही. प्रयोगशाळेत रचलेली, निसर्गात तशीच न सापडणारी प्रत मात्र पेटंटयोग्य असू शकते. शोधून काढायला कितीही कष्ट पडले तरी ‘सापडलेलं’ आणि ‘बनवलेलं’ वेगळंच राहतं. हा निकाल मला मनापासून पटतो.

भारतात कलम ३मधलं एक उपकलम सांगतं की वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणं, वाण आणि मूलतः जैविक प्रक्रिया यांना पेटंट नाही. सूक्ष्मजीव मात्र अपवाद. म्हणजे बियाण्याला पेटंट नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. मग कपाशीचा वाद कशाचा होता?

## विदर्भातल्या कपाशीचं प्रकरण

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू बोंडअळीला मारक प्रथिनं तयार करतो. त्याच्या नावावरूनच ‘बीटी’. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच ते प्रथिन बनवतं. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीची अमेरिकेच्या मोन्सॅन्टोबरोबरची भागीदार कंपनी हे तंत्रज्ञान भारतीय बियाणे कंपन्यांना परवान्याने देत असे आणि दर पाकिटामागे ‘वैशिष्ट्य शुल्क’ घेत असे.

पहिली बीटी कपाशी, म्हणजे बोलगार्ड १, भारतात २००२ साली मंजूर झाली आणि तिच्यावर भारतात पेटंटच नव्हतं. तरीही शुल्क होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटामागे १,२५० रुपयांपर्यंत ते गेलं. २००६मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा पाकिटाची किंमत साडेसातशेवर आली. पेटंट नसताना एवढे पैसे कसे घेता आले? कारण जैवसुरक्षेची परवानगी त्यांच्याकडे होती, जनुक असलेलं मूळ बियाणं त्यांच्याकडे होतं आणि बियाणे कंपन्यांनी करारावर सह्या केल्या होत्या. मक्तेदारी पेटंटशिवायही येते, ही गोष्ट या चर्चेत फार कमी वेळा बोलली जाते.

दोन जनुकांचं बोलगार्ड २ हे २००६मध्ये आलं. त्यातल्या दुसऱ्या जनुकाशी संबंधित पेटंट भारतात मंजूर झालं. हैदराबादच्या नुजिवीडू सीड्सशी शुल्कावरून भांडण पेटलं, परवाना रद्द झाला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. वादातले दावे बियाण्यावर नव्हते. ते जनुकाच्या एका रचलेल्या क्रमावर होते. मोन्सॅन्टोचं म्हणणं, हा क्रम आम्ही प्रयोगशाळेत रचला, तो वनस्पती नाही. नुजिवीडूचं म्हणणं, तो क्रम कपाशीत शिरला की बियाण्याचाच भाग होतो, पुढच्या पिढीत निसर्गनियमाने उतरतो, मग त्यावर पेटंट म्हणजे मागच्या दाराने बियाण्यावरच पेटंट. २०१८मध्ये खंडपीठाने नुजिवीडूचं ऐकलं आणि पेटंट अवैध ठरवलं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला. इतका तांत्रिक प्रश्न तज्ज्ञांच्या साक्षी-पुराव्याशिवाय ठरवता येणार नाही, खटला रीतसर चालवा, असं सांगितलं. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि २०२१मध्ये दोन्ही कंपन्यांनी समझोता केला. चतुःसीमेचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. मला हे मोठं नुकसान वाटतं, कारण पुढच्या प्रत्येक जनुकासाठी तो पुन्हा उभा राहणार आहे.

खटला चालू असताना शेतात काय चाललं होतं? २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड २ची कपाशी पोखरली. तिच्यात दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली होती. कागदावरचा हक्क जिवंत होता, पण ज्या गुणासाठी शेतकरी पैसे मोजत होता तो गुण मरत होता. केंद्राने किंमत-नियंत्रणाखाली शुल्क २०१६मध्ये ४९ रुपयांवर आणलं आणि २०२०मध्ये शून्य केलं.

आता शेतकऱ्याला खरोखर पडणारा प्रश्न: घरचं बियाणं ठेवलं तर गुन्हा होतो का? २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला नोंदणीकृत वाणाचंही बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. मग कपाशीचं पाकीट दर वर्षी विकत का घ्यावं लागतं? कारण आपल्याकडची बीटी कपाशी बहुतेक सगळी संकरित आहे. संकरिताचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही आणि उतारा घटतो. ही पेटंटची नाही, आनुवंशिकतेची बेडी आहे. सरळ वाणात बीटी दिलं असतं तर शेतकऱ्याचा हात मोकळा राहिला असता. पेटंटवर जेवढं भांडलो त्याच्या निम्मं तरी आपण या मुद्द्यावर भांडायला हवं होतं.

## भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड कुणाचा?

हातगाडीवर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४मध्ये जाहीर केला. मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांवरचे बारकोड वाचता वाचता कामगार थकून जात. मासाहिरो हारा यांच्या चमूला जास्त माहिती मावणारी आणि झटकन वाचता येणारी खूण हवी होती. कागदावर कोड नेमका कुठे आहे ते यंत्राला कळावं म्हणून तीन कोपऱ्यांत चौकोनी खुणा आल्या. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ ठेवलं, कारण छापील मजकुरात हे प्रमाण सर्वात कमी आढळतं, असं त्यांना असंख्य छापील कागद तपासून दिसलं होतं. त्यामुळे कोड तिरका असो की उलटा, यंत्र चुकत नाही.

डेन्सो वेव्हकडे याचं पेटंट होतं. प्रमाणित रचना पाळणाऱ्यांवर ते वापरणार नाही, असं कंपनीने जाहीर केलं. २०००मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. आज कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये त्या चौकोनातून जातात आणि त्यासाठी कुणी डेन्सोला पैसा देत नाही. पेटंट घेऊन ते न वापरणं हाही एक व्यवहारी निर्णय असतो: दुसरा कुणी हद्द बळकावू शकत नाही आणि वापर पसरतो.

पैशांच्या व्यवहारात खरी शोधबुद्धी बहुतेकदा अशीच यंत्राच्या पातळीवर सापडते. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी १९७४मध्ये चिप असलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं, आपल्या डेबिट कार्डावरच्या सोनेरी चौकोनाचा हा पूर्वज. आरएसए ही माहिती कुलूपबंद करण्याची गणिती पद्धत १९८३मध्ये अमेरिकेत पेटंट झाली आणि २०००मध्ये मोकळी झाली. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा पाया तिने घातला. डेव्हिड चॉम यांनी बँकेलाही खर्च करणारा कोण ते कळू नये असं डिजिटल चलन रचलं, पेटंटही घेतलं, पण त्यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८मध्ये दिवाळखोरीत गेली. पेटंट गिऱ्हाईक आणून देत नाही.

वाद झाले ते दुसऱ्याच प्रकारच्या दाव्यांवर. ॲमेझॉनला १९९९मध्ये अमेरिकेत एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्ड आधीच साठवून ठेवायचं, मग एकदा बटण दाबलं की ऑर्डर पूर्ण. कंपनीने लगेच बार्न्स अँड नोबलवर दावा ठोकला. हे पेटंट २०१७पर्यंत चाललं. युरोपने मात्र ते कधीच दिलं नाही. दुकानदाराने नेहमीच्या गिऱ्हाइकाचं खातं वहीत ठेवणं आणि त्याने ‘पाठवून द्या’ म्हणणं, यात तांत्रिक भर किती, हा प्रश्न रास्त होता.

२०१४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात तो सोडवला. दोन पक्षांच्या देवघेवीत एक मध्यस्थ दोघांच्या खात्यांची सावली-नोंद ठेवतो, ज्याच्याकडे पैसे असतील त्याचेच व्यवहार पुढे सोडतो आणि दिवसाअखेरीस बँकांना सूचना देतो, अशी ॲलिसची योजना होती. न्यायालयाने एकमताने सांगितलं की मध्यस्थ ठेवणं ही व्यापारातली जुनी कल्पना आहे. ‘हे संगणकावर करा’ एवढं जोडल्याने ती शोध होत नाही. त्यानंतर पैशांच्या व्यवहारांवरची अनेक पेटंटं अमेरिकेत कोसळली.

भारताने हे आधीच कायद्यात घातलं होतं. कलम ३ म्हणतं, गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, नुसता संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. यूपीआय २०१६मध्ये आलं आणि एवढं पसरलं ते राष्ट्रीय देयक महामंडळाने सगळ्या बँकांसाठी एकच नियमावली ठेवली म्हणून. या बँकेचा ग्राहक त्या ॲपवरून तिसऱ्या बँकेत पैसे पाठवतो, कारण मधली भाषा सगळ्यांची एकच आहे. ‘मोबाइलवरून पैसे मागण्याची पद्धत’ एखाद्या कंपनीच्या चतुःसीमेत अडकली असती, तर हे किती अवघड झालं असतं याचा विचार करून पाहा.

## एका यंत्रात दहा संगणक

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका खऱ्या संगणकावर अनेक ‘आभासी’ संगणक चालवणं. प्रत्येकाला वाटतं की सगळं यंत्र आपलंच आहे. बँकेचे, रेल्वेचे, शाळेच्या ॲपचे सर्व्हर आज याच पद्धतीने मोठ्या डेटा सेंटरमध्ये शेजारीशेजारी चालतात आणि एकमेकांच्या स्मृतीत डोकावू शकत नाहीत.

अडचण अशी की विंडोज किंवा लिनक्स या प्रणाली, सगळं यंत्र आपल्या ताब्यात आहे असं गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्या थेट प्रोसेसरला हुकूम देतात. त्यामुळे मधे एक देखरेख करणारा थर बसवावा लागतो. घातक हुकूम आला की प्रोसेसरने थांबून या थराला विचारावं, अशी अपेक्षा. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर हे १९६०च्या दशकातच साधलं होतं. पण घराघरांतल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये काही घातक हुकूम असे होते की ते आले तरी प्रोसेसर थांबतच नसे. तो गुपचूप चुकीचं उत्तर देऊन पुढे जाई. त्यामुळे या यंत्रांवर हे नीट होणार नाही, असा समज होता.

१९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने तो मोडला. साधे हुकूम थेट प्रोसेसरवर धावू द्यायचे, आणि धोक्याचा भाग आला की तो चालण्याआधीच वाचून, सुरक्षित हुकमांत बदलून मग चालवायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्ज गेला आणि २००२मध्ये पेटंट मिळालं.

त्या पेटंटचं शीर्षकच बोलकं आहे: ‘खंडित स्मृतिरचना असलेल्या संगणकासाठी’ आभासी यंत्राची व्यवस्था. ‘एका संगणकात अनेक संगणक’ एवढ्या मोठ्या कल्पनेवर दावा करताच आला नसता, कारण ती जमीन आयबीएमच्या कामामुळे तीस वर्षं आधीच सार्वजनिक झाली होती. उरला तो एका विशिष्ट प्रोसेसरवरच्या विशिष्ट अडचणीचा विशिष्ट उपाय. चांगलं पेटंट असंच असतं.

आणि हद्द नेमकी असल्यानेच बाजूने वाटा निघाल्या. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००३मध्ये हेच काम करणारं झेन आणलं. त्यांनी आभासी संगणकावर चालणाऱ्या प्रणालीतच बदल केले, म्हणजे ती घातक हुकूम देतच नाही. २००५-०६मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरच सुधारले आणि त्या घातक हुकमांवर प्रोसेसर आता थांबू लागला. २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम हा असा देखरेखीचा थर आला, सगळ्यांसाठी खुला. पेटंटची मुदत २०१८ला संपली तेव्हा त्या युक्तीची गरज बरीचशी सरली होती.

## मग भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं की नाही?

कायद्यातला ‘नुसता’ हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबर २००४च्या वटहुकमाने उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोड असलेल्या प्रोग्रॅमना दार उघडलं होतं. २००५मध्ये संसदेने ते बदल स्वीकारले नाहीत. तरी ‘नुसता’ राहिला. फरीद अल्लानी यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं की प्रोग्रॅममुळे यंत्राच्या कामात तांत्रिक परिणाम घडत असेल, तर केवळ तो प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही. प्रोसेसरची स्मृती सांभाळण्याची नवी रीत या कसोटीवर टिकू शकते. कर्जदाराला गुण देण्याची नवी योजना टिकणं अवघड. २०२३मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की व्यवसायपद्धतीवरची बंदी पूर्ण आहे, तिथे ‘नुसता’ नाही.

आणि कुणी तुमचा कोड जसाच्या तसा उचलला, तर त्यासाठी पेटंट लागत नाही. लिहिलेल्या कोडला कॉपीराइट आपोआप असतो.

## पेटंट नसेल तर संशोधनात पैसा कोण घालेल?

हा आक्षेप औषधांच्या बाबतीत वजनदार आहे. औषधाच्या चाचण्यांत दहा-बारा वर्षं आणि अफाट पैसा जातो, नक्कल मात्र स्वस्तात होते. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं म्हणजे कित्येक पिढ्या. दोघांना एकच मुदत देणं मला चुकीचं वाटतं. पण जागतिक व्यापार संघटनेच्या करारात वीस वर्षांची किमान मर्यादा सगळ्या क्षेत्रांसाठी सारखीच आहे आणि भारत त्याने बांधलेला आहे. देशांच्या हातात उरते ती चाळणी: कशाला शोध म्हणायचं आणि परवाना कसा द्यायचा.

परवाना कसा द्यावा याचं उत्तम उदाहरण कोहेन आणि बॉयर यांचं. एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडण्याची मूळ पद्धत त्यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ती कुणा एकाला न देता, मागेल त्याला परवडणाऱ्या दरात दिली. चारशेहून अधिक कंपन्यांनी परवाने घेतले आणि १९९७मध्ये मुदत संपेपर्यंत सुमारे पंचवीस कोटी डॉलर जमले. विद्यापीठालाही मिळालं, उद्योगही वाढला.

उलटं घडलं तर? बायरचं सोराफेनिब हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होतं. कायद्यानुसार पेटंट मंजूर होऊन तीन वर्षं झाल्यावर, औषध लोकांना परवडत नसेल, पुरत नसेल किंवा देशात शोध प्रत्यक्ष वापरला जात नसेल, तर सरकार दुसऱ्याला सक्तीचा परवाना देऊ शकतं. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून तसा पहिला आदेश निघाला. हैदराबादच्या नॅटकोला महिन्याचं औषध ८,८८० रुपयांत विकायची परवानगी मिळाली आणि बायरला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन ठरलं. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला.

## सामान्य माणसाला मधे पडता येतं का?

येतं, आणि ते आपल्या कायद्याचं बळ आहे. अर्ज प्रकाशित झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही व्यक्ती त्याला लेखी विरोध करू शकते. तुम्ही प्रतिस्पर्धी कंपनी असायची गरज नाही. मंजुरीनंतरही एक वर्ष मुदत असते, पण तेव्हा विरोध करणाऱ्याचा त्यात हितसंबंध असावा लागतो.

ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठीची संस्था होती. २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नोव्हार्टिस या औषध कंपनीचा हा अर्ज फेटाळला. जुन्या औषधाचं नवं स्फटिकरूप आहे, पण त्याने उपचाराचा गुण वाढल्याचं सिद्ध झालं नाही, हा मुख्य मुद्दा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. देशी कंपन्यांचं स्वस्त औषध त्यामुळे सुरू राहिलं.

२०२४च्या नियमांपासून मंजुरीआधीच्या विरोधाला फी लागते, आणि विरोध दाखल करून घेण्याजोगा आहे का हे नियंत्रक आधी तपासतो. हा बदल मला खटकतो, कारण त्याचा भार छोट्या संस्थांवर पडतो. पण वाट बंद झालेली नाही. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. शेती, औषध किंवा पैशांच्या व्यवहारातला एखादा अर्ज तुमच्या माहितीतल्या जुन्या गोष्टीसारखा वाटला, तर त्याचा अर्ज क्रमांक टिपून घ्या, संकेतस्थळावर पूर्ण तपशील उघडा आणि आधी पहिला दावा वाचा. ती गोष्ट त्या अर्जाच्या आधी कुठे छापून आली असेल, तर तारखेसह तो छापील कागद शोधा. विरोधासोबत जोडायचा पुरावा तोच असतो.